मीटर कोणाच्या हातात?



मागच्या रविवारी वंदना झाल्यावर वणीच्या विहारात पोरांचा वाद रंगला. मुंबईत नोकरीला लागलेला एक जण सुट्टीवर गावी आला होता. तो म्हणाला, "ताई, काहीही म्हणा, अ‍ॅपची गाडी ही आपल्या लोकांसाठी खरी क्रांती आहे. बटण दाबलं की गाडी दारात. कोण, कुठला, कोणाचा, काही विचारत नाही. जे समाजसुधारकांना जमलं नाही ते मोबाइलनं केलं." त्यावर दुसरा उसळला, "आणि त्या गाडीवर आपलाच पोरगा चौदा-चौदा तास बसतो, त्याचं काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. समाजशास्त्रात एम.ए. केले आहे म्हणून अशा वेळी निकाल मीच द्यावा अशी अपेक्षा असते. मला तो देता आला नाही, कारण दोघांचेही म्हणणे मी स्वतः जवळून पाहिले आहे. तेव्हा जे राहून गेले ते इथे लिहिते आहे.

२०२५ च्या जूनमध्ये आत्याला घेऊन मी मुंबईला गेले होते. तिला परळच्या कॅन्सर रुग्णालयात दाखवायचे होते. नाशिकरोडवरून पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलो. बाहेर पाऊस. आत्याच्या हातात फायलींची पिशवी, डोक्यावर पदर. दादरहून परळ किती लांब? तीन किलोमीटर धरा. काळ्यापिवळीचे भाडे त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले होते आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. म्हणजे मीटरने ६२ रुपये. पहिल्या टॅक्सीवाल्याने परळ म्हटल्यावर मान फिरवली. जवळचे भाडे नको होते त्याला. दुसऱ्याने आमच्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले, पायातल्या चपलांकडे पाहिले आणि सांगितले, दोनशे. मीटर म्हटल्यावर तो हसला.

मग मी मोबाइल काढला. अ‍ॅपवर १६८ रुपये दिसले. पाऊस वाढला तसे दोन मिनिटांत १९४ झाले. एका चालकाचा फोन आला, कुठे जायचे, पैसे रोख की ऑनलाइन. परळ आणि ऑनलाइन म्हटल्यावर त्याने फेरी रद्द केली. दुसऱ्यानेही तेच केले. तिसरा आला. गाडीत बसल्यावर त्याने चार आकडी ओटीपी विचारला, बाकी एक शब्द बोलला नाही. रुग्णालयाच्या दारात उतरवले आणि निघून गेला.

उतरल्यावर आत्या म्हणाली, "चांगला होता गं. त्यानं काहीच विचारलं नाही."

मी १९४ रुपयांचा हिशेब करत होते. तिच्या मनात वेगळाच हिशेब चालला होता, आणि तो समजून घ्यायला वणीला यावे लागेल.

आमच्याकडे काळीपिवळी म्हणजे टॅक्सी नव्हे, जीप. वणी–नांदुरी, वणी–कळवण, वणी–पिंपळगाव, वणी–नाशिक अशा त्या धावतात. स्टँडवर नंबर लागतो, गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती भरली हे चालक ठरवतो. या गाडीत कोणी अनोळखी नसतो. "कोणत्या गावच्या? कोणाकडच्या? कोणत्या वस्तीवरच्या?" या तीन प्रश्नांत माणसाची पूर्ण कुंडली निघते. चालकाशेजारची सीट मास्तर, ग्रामसेवक, बागायतदार यांच्यासाठी राखून ठेवलेली असायची. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. माझी आजी रिकामी जीप असली तरी मागच्या आडव्या बाकावर दाराशी जाऊन बसायची. तिला कोणी तिथे बसवले नव्हते, पण उठून पुढे जा असेही कोणी कधी म्हटले नाही. सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामाला येणाऱ्या आदिवासी मजुरांची जागा तर टपावर किंवा पिकअपच्या मागच्या हौद्यात. आज परिस्थिती बदलली आहे, आपली मुले पुढच्या सीटवर बसतात, काही ठिकाणी गाडीचे मालकही आपलेच आहेत. पण आत्याचे वय सत्तरीला टेकले आहे. तिच्या अंगात ते प्रश्न अजून मुरलेले आहेत. म्हणून न विचारणारा चालक तिला चांगला वाटला.

हे तिचे एकटीचे नाही. वाहनात बसू देणे आणि न देणे हा आपल्या इतिहासातला फार जुना प्रश्न आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रवास लिहून ठेवले आहेत. पहिला १९०१ चा. नऊ वर्षांचा भीम भावंडांबरोबर वडिलांकडे निघालेला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर मुले महाराची आहेत हे कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी तोडगा निघाला तो असा: भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बरोबर पायी येणार. दुसरा प्रवास १९२९ चा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते आणि बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून आले होते. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार नव्हते. लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती असा आपलाच माणूस हाकायला बसवला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला.

या दोन्ही प्रसंगांत मला नेहमी एक गोष्ट खटकते. मसूरला पैसे होते, दुप्पट द्यायची तयारी होती. चाळीसगावला टांगा मिळालासुद्धा. नकार गाडीचा नव्हता, गाडी हाकण्याचा होता. बाजार तिथेही होता. भाड्याचे पैसे घेण्यात विटाळ नव्हता, सेवा देण्यात होता. म्हणून "बाजार आला की जात जाते" असे कोणी म्हणाले की मला मसूरचा गाडीवान आठवतो. त्याने बाजारही सांभाळला आणि जातही सांभाळली, वर दुप्पट भाडे कमावले.

पुढे संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो, सार्वजनिक वाहन वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणावरून रोखणे हा गुन्हा ठरवला. टांगेवाल्याच्या नकाराला कायद्याने नाव दिले, शिक्षा दिली. ही आपली कमाई आहे.

आता पहिल्या पोराचे म्हणणे प्रामाणिकपणे मान्य करू. अ‍ॅपने खरेच काही दिले आहे. स्टँडवरची नजर चुकवण्याची सोय दिली. रात्री एकटी बाई प्रवास करत असेल तर गाडीचा नंबर, चालकाचे नाव आणि रस्ता घरच्यांना पाठवता येतो. मी स्वतः हे करते. ही सोय म्हणजे सुरक्षेची हमी नव्हे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या चालकानेच प्रवासी तरुणीवर बलात्कार केला होता. तरीही मुंबईत काळ्यापिवळीच्या स्टँडवर "नाही जाणार" ऐकून ऐकून थकलेल्या माणसाला अ‍ॅप का आवडले हे समजण्यासारखे आहे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे आपल्याला काही कारण नाही.

चालकाच्या बाजूनेही पाहा. फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच मांडले. त्या भाषणातले एक उदाहरण मला जास्त महत्त्वाचे वाटते. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राबतो, पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच स्टेशनावर कोणते काम कोणाला मिळेल हे जात ठरवत होती. टॅक्सीच्या धंद्यातही परवाना, बॅज, स्टँडवरची जागा हे सगळे ओळखीवर, नात्यागोत्यावर, गाववाल्यांच्या जाळ्यावर चालत आले. महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीच्या नव्या परवान्यांची संख्या १९९७ पासून गोठवली होती, ती मर्यादा २०१७ मध्ये उठली. वीस वर्षे नवा परवाना नाही म्हणजे ज्याच्या घरात आधीपासून परवाना आहे त्याचीच चलती. ज्याच्या घरात जमीन नाही, परवाना नाही, स्टँडवर मामा-काका नाही, अशा पोराला अ‍ॅपने सांगितले की गाडी आण, लायसन्स आण, कामाला लाग. आपली कितीतरी मुले त्या दाराने आत गेली. माझा मावसभाऊही गेला. त्याचीच गोष्ट सांगते.

तो मानखुर्दला खोली घेऊन राहतो. गाडी कर्जावर घेतली, महिन्याचा हप्ता १४ हजार. दिवसाला साधारण अडीच हजारांचा धंदा होतो. सीएनजीला सातशे जातात, हप्त्याचे रोजचे साडेचारशेच्या वर, अ‍ॅपचे कापून जातात ते सहाशेच्या आसपास. हातात सातशे उरतात. त्यातून दुरुस्ती, विमा, वाहतूक पोलिसाचे चलन, खोलीचे भाडे. यासाठी तो रोज चौदा तास गाडीत असतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा, १९४६ मध्ये, कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. माझा मावसभाऊ त्या ४८ तासांना साडेतीन दिवसांत पोहोचतो. पण कायद्याच्या दृष्टीने तो कामगारच नाही. कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते. गोड नाव आणि हक्काच्या नावाने शून्य, हा प्रकार आपल्याला नवा नाही. 'हरिजन' या नावाला बाबासाहेबांनी विरोध का केला ते आपल्याला माहीत आहे. नाव बदलले म्हणून मालकाची आणि राबणाऱ्याची जागा बदलत नाही. भागीदार असता तर भाडे ठरवताना त्याला विचारले असते.

त्याच्या डॅशबोर्डवर दीक्षाभूमीवरून आणलेली बुद्धाची लहान मूर्ती होती. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. गेल्या वर्षी त्याचे रेटिंग घसरायला लागले. गाडी स्वच्छ, बोलणे नम्र, रस्ता पाठ. कारण समजेना. एका बाईंनी बसल्या बसल्या आडनाव विचारले होते, नंतर पूर्ण रस्ता फोनमध्ये पाहत बसल्या. एका गृहस्थांनी गाडी समोर आल्यावर, काच पाहून, फेरी रद्द केली. ही दोनच प्रकरणे त्याला आठवतात. बाकीचे तारे कोणी कापले, का कापले, काही कळायला मार्ग नाही. त्याने कंपनीच्या मदत-क्रमांकावर लिहिले. उत्तर यंत्राचे आले: प्रवाशांचा अनुभव सुधारा.

पुढच्या वेळी मी त्याच्या गाडीत बसले तेव्हा काच कोरी होती. मूर्ती समोरच्या कप्प्यात ठेवली होती, कागदपत्रांखाली. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "ताई, मी घाबरलो नाही. पण हप्ता भरायचा आहे ना."

यावर त्याला काय सांगायचे? भाषण द्यायचे? मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीच टोचणी म्हणून हा लेख लिहिते आहे.

नीट लक्षात घ्या. त्याचे तारे जातीमुळेच गेले असे मी सिद्ध करू शकत नाही. कदाचित ट्रॅफिक असेल, कदाचित एसी कमी केला असेल. पण मुद्दा नेमका हाच आहे की सिद्ध करता येत नाही. चाळीसगावच्या टांगेवाल्याला तोंड होते. त्याने समोर उभे राहून नकार दिला. म्हणून त्याच्याबद्दल लिहिता आले, त्याच्या वागण्यावर कायदा करता आला. वणीच्या जीपवाल्याने आज कोणाला जातीवरून उतरवले तर आपण पोलीस ठाण्यात जाऊ शकतो, साक्षीदार उभे करू शकतो. पण शेकडो प्रवाशांनी आपापल्या मनातला थोडा थोडा पूर्वग्रह ताऱ्यांत टाकला आणि यंत्राने त्याची सरासरी काढून ४.८ चे ४.६ केले, तर फिर्याद कोणावर करायची? आरोपी म्हणून कोणाचे नाव लिहायचे? आकडा तर निर्विकार दिसतो. त्या आकड्यावर फेऱ्या कमी होतात, आणि फार खाली गेला तर खाते बंद. आपल्या पिढीत तर आडनाव लपवूनही उपयोग नाही. सिद्धार्थ, मिलिंद, गौतम, राहुल, संघमित्रा. नावांतूनच आईबापांनी धम्म दिला आहे. अ‍ॅप तेच नाव पडद्यावर दाखवते. तेव्हा "अ‍ॅप जात विचारत नाही" हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. अ‍ॅप विचारत नाही, पण बघणाऱ्याला दाखवते, आणि त्याने बघून काय केले हे मात्र कोणाला दाखवत नाही.

मग जुनी काळीपिवळीच बरी का? नाही. पण तिच्यात एक वस्तू होती तिच्याबद्दल आपण पुरेसा विचार केलेला नाही. ती म्हणजे मीटर.

मीटर ही मला मोठी लोकशाही वस्तू वाटते. भाडे चालक ठरवत नाही, मालक ठरवत नाही, प्रवाशाचे तोंड पाहून ठरत नाही. सरकारी प्राधिकरण इंधन, गाडीची किंमत, चालकाचा निर्वाह असा हिशेब मांडून दर जाहीर करते. दरपत्रक छापले जाते. ब्राह्मण बसो, बौद्ध बसो, पाऊस असो, ऊन असो, दीड किलोमीटरला ३१ म्हणजे ३१. चालकाने मीटर टाकायला नकार दिला तर तो गुन्हेगार असतो, मीटर नव्हे. दादरच्या त्या माणसाने माझ्याकडे दोनशे मागितले तेव्हा तो नियम मोडत होता आणि ते त्यालाही माहीत होते. अ‍ॅपने १९४ मागितले तेव्हा तो स्वतःचाच नियम पाळत होता. एकाच अंतराचे जवळपास सारखेच पैसे, पण एका ठिकाणी मी तक्रार करू शकत होते. दुसऱ्या ठिकाणी तक्रार कशाची करणार? केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपट घेण्याची मुभा होती, जुलै २०२५ च्या नव्या सूचनांत ती दुप्पट झाली. म्हणजे माणूस जितका अडलेला तितके भाडे जास्त. अडलेल्याकडून जास्त घेणे ही सावकाराची रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे.

आणि ज्यांच्यासाठी ही व्यवस्था फायद्याची म्हणून सांगितली जाते ते चालक काय म्हणतात? जुलै २०२५ मध्ये अ‍ॅपचे चालक संपावर गेले, आझाद मैदानात बसले. त्यांची एक मुख्य मागणी होती की आमचे भाडे काळ्यापिवळीच्या बरोबरीने ठरवा. म्हणजे अ‍ॅपच्या चालकाला हवे होते मीटर! ज्या वस्तूला कालबाह्य म्हणून हिणवले, तीच तो मागत होता. सप्टेंबरमध्ये मुंबई महानगर क्षेत्रात अ‍ॅपच्या टॅक्सीसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा दर ठरवावा लागला. हे संघर्षाचे फळ आहे, कंपनीची देणगी नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. अ‍ॅप की काळीपिवळी हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. खरा प्रश्न आहे, मीटर कोणाच्या हातात? स्टँडच्या दादाच्या हातात, कंपनीच्या संगणकात, की कायद्याच्या हातात? पहिल्या दोघांत निवड करायला लावणे म्हणजे गावकी आणि सावकारी यांत निवड करायला लावणे. आपण दोन्ही पाहिल्या आहेत.

इथे आपल्याच चळवळीतल्या काही मित्रांशी मतभेद नोंदवते. भांडवल आणि बाजार जातीची पकड सैल करतो, म्हणून दलितांनी उद्योजक व्हावे, असे चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे विचारवंत मांडत आले आहेत. २००५ पासून 'डिक्की'चे कामही त्याच दिशेने आहे. आपला माणूस मालक व्हावा याला माझा विरोध नाही. पण कर्जाच्या गाडीवर चौदा तास बसणारा पोरगा उद्योजक नाही. भाडे त्याच्या हातात नाही, गिऱ्हाईक त्याच्या हातात नाही, आणि खाते कधी बंद होईल तेही त्याच्या हातात नाही. धोका सगळा त्याचा आणि निर्णय सगळे दुसऱ्याचे. याला उद्योजकता म्हणायचे असेल तर अर्धेलीने जमीन कसणाऱ्या आपल्या आजोबांनाही उद्योजक म्हणावे लागेल.

मग मागायचे काय? आपल्याकडे यासाठी परदेशात बघण्याची गरज नाही, तरी एक निकाल माहीत असावा. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक हे स्वतंत्र व्यावसायिक नसून कायद्याने कामगार आहेत असे ठरवले. कारण सरळ होते. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, रेटिंगने शिस्त कंपनी लावते. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्लॅटफॉर्म कामगार हा शब्द आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे, पण किमान मोबदला, कामाचे तास, खाते बंद करण्याआधी सुनावणी, यांची हमी त्यातून मिळत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. केरळ सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये 'केरळ सवारी' नावाचे स्वतःचे अ‍ॅप आणले. सरकारने ठरवलेले भाडे आणि त्यावर ८ टक्के सेवाशुल्क, असा त्याचा सुरुवातीचा हिशेब होता. अ‍ॅप असूनही मीटर कायद्याच्या हातात राहू शकते, याचा हा पुरावा आहे.

आणि महाराष्ट्रात? आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, एका दिवसात चार व्यापाऱ्यांचे ओझे उचलतो, मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढून या प्रश्नाचे उत्तर मिळवले. सरकार, मालक आणि कामगार यांचे मंडळ, कामगाराची मंडळात नोंद, मजुरीवर लेव्ही, आणि त्या लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मालक अनेक असले तरी हक्क एक. अ‍ॅपचा चालक हा आजचा माथाडी आहे. ओझ्याऐवजी माणसे वाहतो इतकाच फरक. त्याच्यासाठी असे मंडळ का नको?

२०२५ मध्ये केंद्राने सहकारी टॅक्सीचीही घोषणा केली. सहकार शब्द ऐकला की आपण नाशिक जिल्ह्यातले लोक आधी मोजायला बसतो: सभासद आपले किती आणि संचालक आपले किती? कारखाने, बँका, सोसायट्या यांचा अनुभव गाठीशी आहे. म्हणून सहकार असला तरी मंडळावर अनुसूचित जाती-जमातींच्या चालकांचे प्रतिनिधित्व कायद्यानेच हवे.

या सगळ्यात आपली म्हणून आणखी एक मागणी असली पाहिजे, जी इतर संघटना मांडणार नाहीत. रेटिंगचा जाहीर हिशेब. प्रवाशाला फेरी मान्य होईपर्यंत चालकाचे नाव दिसू नये, आणि चालकाला प्रवाशाचे. तारे कमी दिले तर कारण लिहिणे बंधनकारक असावे. खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि माणसासमोर सुनावणी मिळावी. आणि कोणत्या समाजातल्या, कोणत्या धर्माच्या चालकांचे रेटिंग कसे घसरते याची तटस्थ तपासणी सरकारने करावी. मुस्लिम चालकांचे दुःखही इथे आपल्यासारखेच आहे, त्यांनाही नाव लपवता येत नाही. १९५५ च्या कायद्याने टांगेवाल्याच्या नकाराला पकडले. यंत्राच्या नकाराला पकडणारा कायदा आपल्याच पिढीला मागावा लागेल.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. विहारात आम्ही ठरवले आहे की वणी आणि आसपासच्या गावांतली जी मुले नाशिक, मुंबई, पुण्यात गाडी चालवतात किंवा पार्सल पोहोचवतात त्यांची यादी करायची. प्रत्येकाची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून द्यायची. फेरी रद्द झाली, तारे कापले, कोणी आडनाव विचारले, तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून स्क्रीनशॉट ठेवायला सांगायचे. एकट्याचा स्क्रीनशॉट म्हणजे रडगाणे, शंभर जणांचे म्हणजे पुरावा. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत हे करता येईल. कोणाकडे जास्त चांगली पद्धत असेल तर सांगा, आम्हीही शिकू.

शेवटी आत्याचे. तपासण्या झाल्या, पुढची तारीख मिळाली. परत येताना नाशिकहून वणीला आम्ही एसटी पकडली. १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धे तिकीट, म्हणून आमच्याकडच्या बायका जीप सोडून एसटीची वाट पाहत उभ्या राहतात. गाडी जुनी होती, खिडकी अर्धी उघडत नव्हती. आत्या पुढून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी बसली. दिंडोरी गेल्यावर कंडक्टर आमच्यापर्यंत आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "कुठं, आजी?"

"वणी, दोन," मी म्हणाले. त्याने यंत्रातून तिकीट काढून आत्याच्या हातात दिले. भाडे त्यावर छापलेले होते.

मावसभावाला मी हा लेख पाठवला आहे. मूर्ती परत डॅशबोर्डवर ठेव, असे त्याला लिहिलेले नाही. त्याच्या हप्त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही तोवर तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या दिवशी आपण त्याला संघटना देऊ, कायदा देऊ, त्या दिवशी ती मूर्ती त्याने न घाबरता पुढे ठेवावी, एवढीच इच्छा आहे. ते काम त्याचे एकट्याचे नाही, आपले आहे.

जय भीम. जय संविधान.